शोल्झ तारा, 2031 चा धूमकेतू आणि ठाण्यातला एक फलक : प्रकरण अभ्यास

ठाण्यातल्या एका महाविद्यालयात विज्ञान प्रदर्शनासाठी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या चौघांनी एक फलक तयार केला. चार फूट बाय तीन फूट फ्लेक्स. वर काळंनिळं आकाश आणि खाली ठळक अक्षरांत एकच वाक्य: "80,000 वर्षांपूर्वी सूर्याजवळून गेलेल्या शोल्झ ताऱ्यामुळे ऊर्ट मेघातून सुटलेला महाकाय धूमकेतू 2031 मध्ये येत आहे." (ऊर्ट मेघ म्हणजे सूर्यमालेच्या अगदी बाहेरच्या कडेला पसरलेला धूमकेतूंचा साठा.) फ्लेक्स छपाईला जायच्या आधी मार्गदर्शक प्राध्यापिकेने पेन्सिलने एकाच शब्दाखाली रेघ मारली. "तारा गेला हे खरं. धूमकेतू येतोय हेही खरं. पण हा 'मुळे' कुठून आणलात?"

"मॅडम, तारा ऊर्ट मेघातून गेला ना? मग धक्का बसलाच असणार."

"बसला असेल. किती बसला? आणि त्या वेळी तुमचा धूमकेतू होता कुठे?"

या दोन प्रश्नांची उत्तरं एका स्प्रेडशीटवर मिळतात. ती कशी काढायची, कुठे हमखास घसरायला होतं आणि शेवटी फलकावर काय राहिलं, ते या टिपणात मांडलं आहे. तारा आणि धूमकेतू ही जोडी लोकांना फार आवडते, म्हणून 'मुळे' हा शब्द अशा मजकुरात सहज शिरतो. तो तपासायची सवय लागावी एवढ्यासाठी हे प्रकरण तपशिलाने मांडण्यासारखं वाटतं.

हाताशी असलेली माहिती

धूमकेतू आहे सी/2014 यूएन271, म्हणजेच बर्नार्डिनेली–बर्नस्टाईन. चिलीतल्या सेरो टोलोलो वेधशाळेच्या चार मीटर दुर्बिणीने केलेल्या डार्क एनर्जी सर्वेक्षणाच्या जुन्या प्रतिमांमध्ये पेड्रो बर्नार्डिनेली आणि गॅरी बर्नस्टाईन यांना तो सापडला आणि जून 2021 मध्ये जाहीर झाला. पहिल्या प्रतिमेच्या वेळी, 2014 मध्ये, तो सूर्यापासून सुमारे 29 खगोलीय एककांवर होता (एक खगोलीय एकक, पुढे ख.ए., म्हणजे पृथ्वी–सूर्य सरासरी अंतर). गाभ्याचा व्यास शंभर किलोमीटरच्या वर आहे. जानेवारी 2031 मध्ये तो सूर्याच्या जास्तीत जास्त जवळ, म्हणजे उपसूर्य बिंदूला, येईल, तरी ते अंतर 10.95 ख.ए. असेल, शनीच्या कक्षेच्याही थोडं पलीकडे. आत येतानाच्या कक्षेचा अर्धदीर्घाक्ष (कक्षेच्या लांबीची निम्मी) सुमारे 20,200 ख.ए. आहे, म्हणून अपसूर्य बिंदू, कक्षेचं सर्वांत दूरचं टोक, सुमारे 40,400 ख.ए. वर पडतं.

तारा आहे शोल्झचा. शृंगाश्व तारकासमूहातला एक मंद लाल बटू (लहान, थंड तारा) आणि त्याच्याभोवती फिरणारा तपकिरी बटू (तारा होण्याइतकं वस्तुमान नसलेला पिंड) अशी ही जोडी. दोघांचं मिळून वस्तुमान सूर्याच्या जेमतेम 0.16 पट भरतं. राल्फ-डीटर शोल्झ यांनी या ताऱ्याकडे लक्ष वेधल्यावर 2015 मध्ये एरिक मामाजेक आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की हा तारा सूर्याजवळून गेलेला आहे. त्या वेळचा हिशोब 70,000 वर्षं आणि 52,000 ख.ए. असा होता. 2019 मध्ये ट्रेंट डुपुई यांच्या गटाने जोडीची परस्परांभोवतीची कक्षा बाजूला काढून मोजमाप सुधारलं. आता 80,000 वर्षं आणि 0.33 पार्सेक, म्हणजे सुमारे 68,700 ख.ए., हे आकडे वापरायचे. फलकावर सुरुवातीला 70,000 होतं, ते गटाने स्वतःच दुरुस्त केलं होतं. मात्र अंतराच्या रकान्यात 52,000 तसंच राहिलं होतं. दोन वेगवेगळ्या शोधांतले आकडे एका ओळीत बसले की पुढचं सगळं गणित भेसळीचं होतं.

हे 80,000 कुणावर विश्वास ठेवून घ्यायची गरज नाही. तारा आज 6.8 पार्सेकवर आहे आणि सेकंदाला सुमारे 83 किलोमीटर वेगाने, जवळजवळ सरळ रेषेत, आपल्यापासून दूर जातोय. एक पार्सेक म्हणजे 30.86 लाख कोटी किलोमीटर. अंतराला वेगाने भागा, सेकंदांची वर्षं करा, 80,000 हाताशी येतात. हा पडताळा दोन मिनिटांचा आहे आणि तो प्रत्येक ताऱ्यासाठी आधी करून घ्यावा.

ठाणे स्टेशनवर सूर्य

आकडे डोळ्यांसमोर उभे राहावेत म्हणून एक ख.ए. म्हणजे 10 सेंटिमीटर असं प्रमाण धरलं. ठाणे स्टेशनवर ठेवलेला सूर्य एक मिलिमीटरहून किंचित लहान, खसखशीच्या दाण्याएवढा. पृथ्वी त्याच्यापासून चार बोटांवर नव्हे, वीतभराच्या अर्ध्यावर. नेपच्यून 3 मीटरवर. धूमकेतू 2031 मध्ये दाण्यापासून 1.1 मीटरवरून वळेल. त्याचं दूरचं टोक 4 किलोमीटरवर, उपवन तलावाच्या अर्धा किलोमीटर अलीकडे. शोल्झ ताऱ्याची वाट 6.9 किलोमीटरवरून गेली, म्हणजे बरोबर दिवा स्टेशन. प्रॉक्झिमा, सूर्याला सर्वांत जवळचा तारा, आज 26.8 किलोमीटरवर, बदलापूरच्या आसपास. ही सगळी अंतरं सरळ रेषेतली आहेत, रुळाची नव्हेत. रुळाने दिवा याहून लांब पडतं. दिशाही खऱ्या नाहीत, फक्त लांबी खरी आहे, आणि हे फलकावर लिहायलाच हवं.

या नकाशात धूमकेतू 80,000 वर्षांपूर्वी कुठे होता? केप्लरचं समीकरण एवढ्यासाठी पुरतं. अर्धदीर्घाक्ष 20,200 ख.ए. म्हणजे आवर्तकाल 20,200 चा दीड घात: सुमारे 28.7 लाख वर्षं. अपसूर्यापासून उपसूर्यापर्यंत यायला याच्या निम्मी, 14 लाखांहून थोडी जास्त. पूर्ण फेरीचा काळ म्हणजे 2π रेडियन धरला, तर उपसूर्याच्या 80,000 वर्षं आधीचा मध्य कोन 0.175 रेडियन येतो. कक्षा जवळजवळ सरळ रेषेइतकी निमुळती असल्याने 'ई वजा साइन ई बरोबर 0.175' एवढंच सोडवायचं, ई हा कक्षेवरची जागा सांगणारा कोन. ई = 1.035. अंतर = 20,200 गुणिले (1 वजा कोसाइन 1.035) = सुमारे 9,900 ख.ए.

म्हणजे शोल्झ तारा दिव्याजवळून जात असताना धूमकेतू उपवनच्या बाजूला नव्हताच. तलावपाळी ओलांडून थोडं पुढे, स्टेशनपासून किलोमीटरभरावर, तो केव्हाचा आत उतरत होता. घसरण सुरू होऊन साडेतेरा लाख वर्षं झाली होती. 'ताऱ्यामुळे सुटला' हे वाक्य इथेच पडतं, कारण सुटणं आधीचं आणि तारा नंतरचा. मराठीत 'मुळे' लिहिलं की काळाचा क्रम आपोआप गृहीत धरला जातो. म्हणून पहिला रकाना काळाचा असावा आणि बलाचा त्याच्या नंतर.

एवढ्यावर प्रकरण मिटलं असतं. पण गटातल्या एकीने योग्य हट्ट धरला: "सुटला नसेल, पण वाट तर बदलली असेल? किती?"

धक्का मोजताना

वेगवान तारा लांबून जातो तेव्हा धूमकेतू जागच्या जागी आहे असं मानून हिशोब करता येतो. आधी ही सूट इथे चालते का ते पाहायचं. 83 किमी/से. म्हणजे वर्षाला 17.5 ख.ए. निकटतम अंतराच्या दुप्पट वाट कापायला ताऱ्याला सुमारे 7,850 वर्षं लागतात. तेवढ्यात 0.37 किमी/से. वेगाने धूमकेतू सरकला सुमारे 600 ख.ए. त्याचं सूर्यापासूनचं अंतर 9,900 असताना 600 ची हालचाल चालवून घेता येते. जिथे हे गुणोत्तर मोठं होतं, उदाहरणार्थ ग्लीझ 710 सारखा सेकंदाला 14 किमीने येणारा संथ तारा, तिथे ही सूट घ्यायची नाही. पायरी-पायरीने संख्यात्मक गणितच करायचं.

सूत्र सोपं आहे. वेगातला बदल = 2 × गुरुत्व स्थिरांक × ताऱ्याचं वस्तुमान ÷ (ताऱ्याचा वेग × निकटतम अंतर). वेग किमी/से. मध्ये आणि अंतर ख.ए. मध्ये ठेवलं तर सूर्यासाठी 'स्थिरांक गुणिले वस्तुमान' म्हणजे 887. हा आकडा पाठ करायची गरज नाही, पृथ्वीच्या कक्षावेगाचा वर्ग आहे तो, 29.78 गुणिले 29.78.

सूर्याला बसलेला धक्का: 2 × 887 × 0.16 ÷ (83 × 68,700). उत्तर 0.00005 किमी/से., म्हणजे सेकंदाला 5 सेंटिमीटर. धूमकेतू ताऱ्याच्या बाजूला असता, तर त्याचं ताऱ्यापासूनचं अंतर 58,800 ख.ए. आणि धक्का 5.8 सेंटिमीटर.

इथे गटाची सगळ्यांत मोठी चूक झाली, आणि ती समजण्यासारखी आहे. त्यांनी 5.8 थेट धूमकेतूच्या वेगात मिळवले. पण तारा सूर्यालाही ओढतो. आपण धूमकेतूची कक्षा सूर्याच्या संदर्भात मोजतो, म्हणून उपयोगाचा आकडा दोन धक्क्यांतला फरक: 5.8 वजा 5.0, सेकंदाला सुमारे 0.85 सेंटिमीटर. मुंगीची चाल. सूर्याचा धक्का वजा न केल्यास परिणाम जवळपास सातपट फुगतो. शेजारी उभ्या दोन होड्यांना एकाच लाटेने सारखंच उचललं तर त्यांच्यातली दोरी ताणत नाही. दोरी ताणते ती उचलण्यातल्या फरकाने. मासुंदा तलावाच्या काठावर बांधलेल्या नौकाविहाराच्या होड्यांकडे पाहताना हे लगेच कळतं.

याच जागी एककांची चूक किती महाग पडते तेही दिसलं. एका आवृत्तीत 0.33 पार्सेकऐवजी 0.33 प्रकाशवर्षं टंकली गेली. एक पार्सेक 2,06,265 ख.ए., एक प्रकाशवर्ष 63,241 ख.ए., म्हणून अंतर झालं 20,900. वाटेल की उत्तर तिप्पट चुकेल. पण फरकाचा परिणाम अंतराच्या वर्गाने, आणि जवळ आल्यावर त्याहूनही वेगाने वाढतो. सेकंदाला 0.85 ऐवजी जवळपास 15 सेंटिमीटर आले, सतरा पटींहून जास्त. स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक रकान्याच्या डोक्यावर एकक लिहिणं आणि रूपांतर एकाच जागी ठेवणं एवढ्याने ही चूक टळते.

आता 0.85 सेंटिमीटरने उपसूर्य किती हलतो? या प्रकारच्या लांबट कक्षेत सगळा खेळ आडव्या वेगाचा असतो. सूर्याकडे थेट पडणारा वेग कितीही असो, धूमकेतू सूर्याच्या किती जवळून वळणार हे त्याचा सूर्याच्या दिशेला काटकोनातला वेग ठरवतो. उपसूर्य अंतर = (अंतर × आडवा वेग) चा वर्ग ÷ 1774 (887 ची दुप्पट). उलट सोडवलं तर 10.95 ख.ए. साठी 'अंतर × आडवा वेग' 139.4 येतं. 9,900 ख.ए. वर म्हणजे सेकंदाला 14 मीटर. त्यात 0.85 सेंटिमीटरची भर म्हणजे हजारात सहा दशांश. उपसूर्य वर्गाने बदलतो म्हणून दुप्पट: 0.12 टक्के. 10.95 च्या 0.12 टक्के म्हणजे 0.013 ख.ए., सुमारे 20 लाख किलोमीटर. पृथ्वी–चंद्र अंतराच्या पाचपट. ठाण्याच्या नकाशात सव्वा मिलिमीटर, सूर्याच्या दाण्यापेक्षा किंचित जास्त.

हीसुद्धा कमाल मर्यादा आहे. सगळा फरक अगदी हव्या त्या आडव्या दिशेनेच लागला असं यात मानलं आहे. तारा धूमकेतूच्या नेमक्या मागे असेल तर फरकाचा मोठा भाग सूर्य–धूमकेतू रेषेवरच पडतो आणि उपसूर्य हलतच नाही. म्हणून फलकावर "जास्तीत जास्त" हे शब्द हवेत.

कोणती कक्षा घ्यायची

हा भाग पुस्तकात फारसा सांगितला जात नाही, आणि नवखे लोक हमखास इथेच अडकतात. कोणत्याही संकेतस्थळावर धूमकेतूच्या कक्षेचे आकडे दिसतात ते बहुतेक वेळा सूर्यकेंद्री आणि आजच्या तारखेचे असतात. ते घेऊन मागे लाखो वर्षं जायचं नसतं. सूर्य स्वतः सूर्यमालेच्या वस्तुमानकेंद्राभोवती फिरतो. एकट्या गुरूमुळे त्याचा वेग सेकंदाला सुमारे 12.5 मीटर असतो. धूमकेतू 2021 मध्ये 20 ख.ए. वर असताना त्याचा वेग होता सेकंदाला सुमारे 9.4 किलोमीटर. वेगात 12.5 मीटरचा फरक आला तर ऊर्जेत पडणारा फरक 0.118 (किमी/से.च्या वर्गात). आणि या धूमकेतूला सूर्याशी बांधून ठेवणारी एकूण ऊर्जा किती? 887 ÷ 40,400, म्हणजे 0.022. बांधणीच्या पाचपट मोठा गोंधळ निव्वळ संदर्भबिंदू चुकल्याने होऊ शकतो. बांधलेला धूमकेतू कागदावर मोकाट सुटलेला दिसतो, किंवा उलट.

उपाय असा: नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या कक्षा-गणनेच्या सेवेत केंद्र म्हणून सूर्य न निवडता सूर्यमालेचं वस्तुमानकेंद्र निवडायचं आणि तारीख अशी घ्यायची की धूमकेतू ग्रहांच्या बराच बाहेर असेल. अभ्यासक साधारण 250 ख.ए. ची मर्यादा धरतात. हा धूमकेतू तिथे उपसूर्याच्या सुमारे 315 वर्षं आधी होता, म्हणजे 1715 च्या आसपास. मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला घेतला 1737 मध्ये, त्याच्या वीसेक वर्षं आधी हा धूमकेतू ग्रहांच्या प्रभावक्षेत्राच्या उंबऱ्यावर होता. या तारखेला मिळणारा अर्धदीर्घाक्ष म्हणजे 'मूळ' कक्षा. ताऱ्यांचे हिशोब फक्त तिच्यावर.

बऱ्याच लहान धूमकेतूंना वायूच्या झोतांचाही धक्का बसतो आणि मूळ कक्षा काढताना तो वेगळा करावा लागतो. हा इतका मोठा आणि सूर्यापासून इतका लांब असल्याने इथे ती डोकेदुखी नाही.

मग याला आत कुणी आणलं

तारा नाही तर कोण, हा पुढचा प्रश्न येणारच. उत्तर आहे सबंध आकाशगंगेचं भरती बल. चंद्र समुद्राला ताणतो तसं आकाशगंगेच्या तबकडीचं वस्तुमान ऊर्ट मेघाला ताणतं. या ताणाचं कारण एखादा तारा नाही. आजूबाजूच्या घन पार्सेकमध्ये सरासरी सूर्याच्या 0.1 पट वस्तुमान पसरलेलं आहे, त्याचं हे ओझं. सूर्यापासून 30,000 ख.ए. उंचीवर हे बल दर 10 लाख वर्षांत सेकंदाला सुमारे 0.8 मीटर वेग देतं.

छोटं वाटतं, पण धूमकेतूचा वेग पाहा. अपसूर्यापाशी त्याचा सगळा वेग आडवाच असतो आणि तो 139.4 ÷ 40,400, म्हणजे सेकंदाला साडेतीन मीटर. ताशी साडेबारा किलोमीटर. सकाळी तलावपाळीला तालीम म्हणून धावणारा गडी याच वेगाने फेऱ्या मारतो. उपसूर्य 18 ख.ए. असायला अपसूर्यापाशी ताशी 16 किलोमीटर लागतात, सायकलचा वेग. आणि उपसूर्य थेट पृथ्वीच्या कक्षेवर, 1 ख.ए. वर यायला हवा असेल तर ताशी पावणेचार, रमतगमत चालणाऱ्याचा वेग. 40,000 ख.ए. वरच्या अंधारात सायकलवाल्याला धावणारा करायचं की चालणारा, एवढाच प्रश्न आहे, आणि त्यासाठी 28 लाख वर्षं मिळतात. त्यातली सुमारे 23 लाख वर्षं धूमकेतू 20,200 ख.ए. च्या बाहेरच काढतो. भरती बलाची पूर्ण बेरीज दोन मीटरच्या जवळ जाते. कक्षा तबकडीशी कोणत्या कोनात आहे त्यावर त्यातलं निम्मं-पाऊण हाती लागतं. तबकडीशी 45 अंशांच्या आसपास कललेल्या कक्षांवर हा परिणाम सर्वाधिक होतो.

हा धूमकेतू पूर्वी कधी 18 ख.ए. च्या आत आल्याचा पुरावा नाही असं शोधकर्त्यांनी 2021 मध्ये मांडलं. 18 वरून 10.95 वर यायला अपसूर्यापाशी आडव्या वेगात घट हवी सेकंदाला 1 मीटरची. भरती बलाच्या हिशोबात ती सहज बसते. शोल्झ ताऱ्याचं योगदान सेंटिमीटरच्याही आतलं. दोन्ही आकडे फलकावर एकाखाली एक ठेवले तर आणखी काही सांगायची गरज राहत नाही.

याचा अर्थ तारे बिनकामाचे असा नाही. सूर्याच्या 1 पार्सेकच्या आतून दर 10 लाख वर्षांत सुमारे 20 तारे जातात, हा ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया उपग्रहाच्या मोजमापांवरचा अंदाज आहे. यांत बहुतेक लाल बटू. प्रत्येकाची ढकल वेगळ्या दिशेची, म्हणून त्यांचा परिणाम एकमेकांत जिरतो. पण लाखो-कोटी वर्षांत ते ऊर्ट मेघातल्या कक्षा सतत ढवळून ठेवतात. भरती बल ठरावीक दिशेने काम करतं, त्यामुळे ते ज्या कक्षा सूर्याकडे आणू शकतं त्यांचा साठा हळूहळू संपतो. तारे तो साठा पुन्हा भरतात. यान ऊर्ट यांनी 1950 मध्ये अवघ्या 19 धूमकेतूंच्या कक्षांवरून हा मेघ असला पाहिजे असं सांगितलं, तेव्हा त्यांनी धूमकेतूंना आत ढकलण्याचं काम ताऱ्यांकडेच दिलं होतं. भरती बलाचं महत्त्व नंतर कळलं.

शोल्झ ताऱ्याच्या वाटेला लागूनच जे धूमकेतू होते त्यांचं मात्र वेगळं. वाटेपासून 5,000 ख.ए. वर असलेल्या धूमकेतूला सेकंदाला सुमारे 0.7 मीटरचा धक्का बसला असणार, आणि तिथे तेवढा पुरेसा आहे. पण त्या अंतरावरून सूर्यापर्यंत यायला दहा लाखांहून जास्त वर्षं लागतात. शोल्झ ताऱ्याने खरोखर सोडलेले धूमकेतू अजून वाटेत आहेत.

एक तारा जो वगळता येत नाही

गटाने मागच्या 30 लाख वर्षांतली ताऱ्यांची यादी तपासली तेव्हा एक नाव अडलं: एचडी 7977. शर्मिष्ठा तारकासमूहातला, सूर्याहून किंचित जड तारा, आज सुमारे 75 पार्सेकवर. 25 ते 28 लाख वर्षांपूर्वी तो सूर्याजवळून गेला. मधला अंदाज 13,000 ख.ए. च्या आसपासचा, ठाण्याच्या नकाशात सव्वा किलोमीटर. पण याच्या निम्म्याहून कितीतरी आतलं अंतरही नाकारता येत नाही. सेकंदाला 30 किमीच्या आसपास वेग धरला तर 13,000 ख.ए. वरून सूर्यालाच 5 मीटरचा धक्का बसतो, शोल्झ ताऱ्याच्या शंभरपट. अंतर निम्मं केलं की धक्का दुप्पट.

25 लाख वर्षांपूर्वी आपला धूमकेतू मागच्या फेरीत बाहेर निघाला होता, सुमारे 24,500 ख.ए. वर. उपसूर्य 18 धरलं तर तिथे त्याचा आडवा वेग सेकंदाला 7 मीटरच्या आसपास. त्यात काही मीटरची उलथापालथ झाली असेल तर आधीचं उपसूर्य काय होतं ते सांगणं अवघड आहे. म्हणून 18 हा आकडा या ताऱ्याला हिशोबात किती जवळून नेलं आहे यावर अवलंबून आहे, आणि फलकावर तो एकटा लिहिणं बरोबर नाही.

अंदाज इतका सैल का, हे कळलं की मोजमापांबद्दलचा आदर वाढतो. ज्या ताऱ्याची धाव जवळजवळ नेमकी आपल्या रेषेत असते त्याची निजगती, म्हणजे आकाशात आडवी दिसणारी सरक, जवळपास शून्य असते. 75 पार्सेकवरून 13,000 ख.ए. चा नेम म्हणजे वर्षाला सुमारे 0.06 मिली-आर्कसेकंद (एक मिली-आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 36 लाखावा भाग). गायाच्या तिसऱ्या प्रकाशनात अशा ताऱ्यांच्या निजगतीतली चूक 0.02 च्या आसपास असते. मोजायची वस्तू आणि मोजण्याची चूक यांत तिपटीचंच अंतर.

फलकावर काय गेलं

जुनं वाक्य काढलं. त्या जागी दोन स्तंभ आले. डावीकडे शोल्झ तारा: 80,000 वर्षांपूर्वी, 68,700 ख.ए., धूमकेतू तेव्हा 9,900 ख.ए. वर, उपसूर्यात बदल जास्तीत जास्त 0.013 ख.ए. उजवीकडे भरती बल: 28 लाख वर्षं, सेकंदाला सुमारे 1 मीटर, उपसूर्य 18 वरून 11 कडे आणायला पुरेसं. खाली ठाण्याचा नकाशा, स्टेशनवर खसखशीचा एक खरा दाणा पारदर्शक टेपखाली, उपवनच्या अलीकडे निळी टाचणी आणि दिव्यावर लाल. लाल टाचणीजवळ, "रेषेची लांबी खरी, दिशा नाही."

एका कोपऱ्यात येणाऱ्यांच्या हमखास प्रश्नाचं उत्तरही छापलं: 2031 मध्ये हा धूमकेतू येऊरवरून उघड्या डोळ्यांना किंवा लहान दुर्बिणीला दिसणार नाही, तो शनीइतका लांब राहणार आहे. ऑक्टोबर 2024 मध्ये पश्चिमेला दिसलेल्या त्सुचिनशान–ॲटलासशी त्याची तुलना नको. तेव्हाही ठाण्यातल्या अनेकांना येऊरच्या डोंगरांनी पश्चिम क्षितिज अडवलं होतं आणि खाडीच्या मोकळ्या काठावरून पाहणाऱ्यांना ते सोपं गेलं.

तिसरा स्तंभ एचडी 7977 चा. त्यात 'मागचं उपसूर्य' हा चौकोन पांढराच ठेवला, मापाचा स्टिकर नंतर चिकटवता येईल असा. गायाचं चौथं प्रकाशन डिसेंबर 2026 मध्ये अपेक्षित आहे. त्यात 34 ऐवजी 66 महिन्यांची निरीक्षणं असतील, आणि निजगतीतली चूक काळाच्या दीड घाताने घटत असल्याने ती साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या थोडी वर येईल. मग 0.06 हा आकडा किती पक्का आहे ते ठरेल, आणि स्टिकरवर काय लिहायचं तेही.